उतरून राहिलो

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे इंगोले बेल वाजली की दार उघडत नाहीत. ते आतून ओरडतात, "थांबा, उतरून राहिलो." मग आपण जिन्यात उभं राहायचं. आत घरघर वाढत जाते, धप्प असा आवाज होतो, पाठोपाठ काहीतरी फरफटत गेल्यासारखं वाटतं आणि पुष्कळ वेळानं इंगोले दार उघडतात. चेहऱ्यावर दोनशे माणसं सुखरूप खाली आणल्याचं समाधान असतं. त्या धप्प आवाजाच्या बरोबर खाली आमचा दिवाणखाना आहे, ही गोष्ट त्यांच्या लेखी नसतेच.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गृहस्थ माळ्यावर चढले असतील आणि शिडीवरून उतरत असतील. सोसायटीच्या सभेची नोटीस हातात घेऊन मी थांबलो. दार उघडून इंगोले म्हणाले, "माफ करा सर, नागपूरला धुकं होतं." अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, पाय अनवाणी. नागपूरला जाऊन आलेला माणूस असा दिसत नाही. मागे कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक विमान उभं होतं.

माझा उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला. त्यामुळे विमानापेक्षा मला वाक्य जास्त खुपलं. पुण्यात माणूस उतरतो, उतरतोय किंवा उतरला. 'उतरून राहिलो' याचा पुण्यातला सरळ अर्थ असा, की उतरलो आणि तिथंच राहिलो. गाडी पुढे निघून गेली. हे मी इंगोल्यांना दारातच समजावून सांगितलं. त्यांनी फार लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "बरं बाप्पा. आता ध्यानात ठेवून राहिलो." मी नोटीस दिली आणि खाली आलो.

इंगोले मूळचे मूर्तिजापूरचे. हडपसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. आमचं कर्वेनगर ते हडपसर म्हणजे पुण्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. इतकी वर्षं रोज कंपनीच्या बसमधून रखडत गेलेल्या माणसाला घरी येऊन विमान चालवावंसं वाटलं, तर त्याला पूर्ण दोषी धरता येत नाही. पण म्हणून काय रोज?

हे विमान त्यांच्या घरात आलं ते जावयामुळे. त्यांची एकुलती एक मुलगी वर्षा इंजिनिअर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली, तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं आणि दोघं शिकागोला गेली. आमच्या सोसायटीत तेव्हा दोनच प्रकारचे आईबाप होते, मुलं अमेरिकेत असलेले आणि मुलं अमेरिकेला जाणार असलेले. (माझा मुलगा वारज्यात राहतो. रविवारी येतो, तोही पार्किंग मिळालं तर.) वर्षा गेली, तिचा कॉम्प्युटर मागे राहिला. सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून जावयानं निघताना त्यात विमानाचा खेळ घालून दिला. आमच्या वेळी सासरा जावयाला स्कूटर द्यायचा, या जावयानं सासऱ्याला विमान दिलं. उदारीकरण म्हणतात ते हेच असावं.

इंगोल्यांसमोर त्याला खेळ म्हणायचं नाही. "खेळ नाही सर, सिम्युलेटर. खऱ्या पायलटलाही यावरच शिकवतात." खऱ्या पायलटला बहुधा बनियनवर शिकवत नसावेत. पण बाकी थाट पूर्ण होता. आवाजाचा भलामोठा स्पीकर जमिनीवरच ठेवलेला. जुन्या बाजारातून मोटारीतला पट्टा आणून त्यांनी तो खुर्चीला नटबोल्टनं पक्का केला होता. विमान हवेत असेपर्यंत तो पट्टा सोडायचा नाही, असा त्यांचा नियम. म्हणून ते दार उघडायला येत नसत. दूधवाला, गॅसवाला, मी, सगळे जण नागपूरचं धुकं निवळायची वाट बघत जिन्यात.

त्याच वर्षी वार्षिक सभेत त्यांनी हात वर करून विषय मांडला, की गच्चीवरच्या टाकीला लाल दिवा लावावा. का, तर विमानांना उंच इमारती दिसायला हव्यात. आमची इमारत तीन मजली. अंगणातला नारळ तिच्यापेक्षा उंच आहे. सेक्रेटरी या नात्यानं मी नम्रपणे विचारलं, की आधी नारळाला लावावा का. सभा हसली. इंगोले हसले नाहीत. "नारळाचंही पाहावं लागेल," असं म्हणून ते विचारात पडले.

पुढच्या रविवारी ते गच्चीवर टेप घेऊन सापडले. आमच्या टाकीचा एक पाय खचलेला आहे, त्यामुळे ती एका अंगाला कलली आहे. ती सरळ करण्याचा ठराव आम्ही दरवर्षी करतो आणि पुढल्या वर्षी तो कायम करतो. इंगोले त्या कललेल्या टाकीला टेप लावून बसले होते. काय चाललंय, असं मी विचारलं. "मोजून राहिलो." कशासाठी? "लागते." मग अंगणात उतरून त्यांनी नारळाच्या बुंध्याचाही घेर घेतला. मी खाली येऊन बायकोला म्हटलं, या माणसाला कारखान्यातून लवकर काढणार बहुतेक.

आता सीनरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. सिम्युलेटरबरोबर जे जग मिळतं ते सरकारी कामासारखं असतं. धावपट्टी आहे, बाकी मोकळं मैदान. म्हणून जगभरातले रिकामटेकडे लोक आपापल्या गावचा विमानतळ हुबेहूब काढतात, इमारती, दिवे, झाडं, सगळं, आणि इंटरनेटवर फुकट ठेवून देतात. आपण तो घरच्या कॉम्प्युटरवर आणून बसवायचा. त्याला सीनरी म्हणतात. 'फुकट' या शब्दावरून पुणेकरानं दुसऱ्याला बोलू नये हे मला मान्य आहे, पण इंगोल्यांनी एकेका विमानतळाच्या तीन-तीन सीनऱ्या आणून कोंबल्या. वर स्वतःही काढायला शिकले. मूर्तिजापूरला विमानतळ नाही, तर यांनी सासऱ्यांच्या कपाशीच्या शेतात धावपट्टी काढली. सासरे हयात असते तर बांधावरची वीतभर जागा दिली नसती.

एका जागेवर दोन सीनऱ्या बसवल्या की त्या भांडतात. एकीची जमीन उंच, दुसरीची खोल, मग विमान खड्ड्यात आणि टर्मिनल डोंगरावर. दिव्याचे खांब दुप्पट होतात. धावपट्टीच्या मध्ये झाडं उगवतात. एकदा मी आवाजाची तक्रार घेऊन वर गेलो असता इंगोल्यांनी मला स्टुलावर बसवून हे सगळं समजावलं.

"दोघी चांगल्याच आहेत सर. पण एका ओट्यावर दोन जावा. एकीनं वरणात मीठ टाकलं, हे दुसरीला माहीत नाही. ती पण टाकते. मग मी खाऱ्या वरणात उतरून राहिलो."

यावर उपाय काय, असं मी केवळ सभ्यता म्हणून विचारलं. उपाय असा, की थोरली कोण ते ठरवायचं. कॉम्प्युटरमध्ये सीनऱ्या एकाखाली एक लावलेल्या असतात. जी वर, तिचं चालतं. "वरची ती थोरली," इंगोले म्हणाले. आणि तरी भांडण मिटलं नाही तर सगळ्या बंद करायच्या, मग एकेक चालू करून बघायची. दर वेळी यंत्र पहिल्यापासून सुरू. एकदा सुरू होईतो आमच्याकडे कुकर होतो. सबंध रविवार हा माणूस सुना चालू-बंद करत बसायचा. मी तक्रार तशीच घेऊन खाली आलो.

मग वर्षाला दिवस गेले. कर्वेनगरातल्या निम्म्या बायका तोवर लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाऊन आल्या होत्या. जाताना डिंकाचे लाडू, हळीव, मेतकूट न्यायचं, येताना बदामाच्या पिशव्या आणायच्या, आणि पुढे वर्षभर तिथल्या रस्त्यांवर धूळ कशी नसते ते सांगायचं. वडिलांना कोणी विचारत नाही. बाळंतपणात बाप म्हणजे जास्तीची बॅग. शिवाय इंगोल्यांची निवृत्ती एका वर्षावर आलेली, रजा शिल्लक नाही. तेव्हा वहिनींनी एकटीनं जायचं ठरलं. मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथं विमान बदलायचं, मग शिकागो. सहा महिने.

इंगोलेवहिनी तोवर विमानात बसल्या नव्हत्या. त्यांना पडण्याची भीती नव्हती, आवाजाची होती. एसटीचा कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला बिघडल्याचा हे कळतं; विमानाचं कसं कळायचं, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चांगला होता. त्यावर इंगोल्यांनी काढलेला तोडगा म्हणजे वहिनींना रोज सिम्युलेटरवर मुंबई ते फ्रँकफर्ट न्यायचं. प्रवाशाला विमान चालवावं लागत नाही, ही माहिती या माणसाला कोणीतरी द्यायला हवी होती. मीच दिली. ते म्हणाले, "चालवणार ती नाही सर. नुसती सोबत बसणार."

जुन्या बाजारातून दुसरा पट्टा आला. तो एका प्लास्टिकच्या खुर्चीला लागला. वहिनी मांडीवर मेथीची जुडी घेऊन त्या खुर्चीत बसत, पट्टा लावत आणि निवडत निवडत युरोपला जात. मधले तास इंगोले गाळून टाकत. उडणं आणि उतरणं तेवढं रोज. खालून मला सगळं ऐकू यायचं. "हे चाकं आत गेले. ऐकलं? हा आवाज चांगला." "हाव." "आता जरा कलून राहिलं. हे पण चांगलं." "हाव." आम्हाला दुपारची झोप नाही आणि वर सगळं चांगलं.

एका रविवारी मी अखेरचं सांगायचं म्हणून वर गेलो. इंगोले उतरत होते, वहिनी मेथी निवडत होत्या, दार कॉम्प्युटर बघायला आलेल्या जावयाच्या एका मित्रानं उघडलं म्हणून मला आत शिरता आलं. पडद्यावर ढग बाजूला झाले, फ्रँकफर्टचे दिवे दिसले, धावपट्टी जवळ आली. आणि ऐन धावपट्टीत एक करडा ठोकळा उभा राहिला. कोणाला काही कळायच्या आत विमान त्यावर जाऊन आदळलं. पडदा काळा झाला.

वहिनींनी मेथी खाली ठेवली. पट्टा सोडला. "मी नाई जात," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

इंगोले पट्ट्यात अडकून मागे वळायची खटपट करत होते. ते खरं नाही, दोन सीनऱ्यांचं भांडण आहे, खऱ्या फ्रँकफर्टला असं काही नाही, असं ते सांगत राहिले. वहिनी दारात थांबल्या. "मंग खरं काय हाय? तुम्हीच तं म्हणता, सारं हुबेहूब हाय."

 मी आवाजाची तक्रार पुन्हा तशीच घेऊन खाली आलो.

तिकीट आलेलं होतं. वर्षाचे दिवस भरत आले होते. आणि इकडे फ्रँकफर्टच्या धावपट्टीवर ठोकळा. इंगोल्यांनी नसलेली रजा काढली आणि कामाला लागले. फ्रँकफर्टच्या त्यांच्याकडे दोन सीनऱ्या होत्या, एका निवृत्त जर्मन गृहस्थांनी काढलेली जुनी आणि कोणा विद्यार्थ्याची नवी. थोरली खाली केली, धाकटी वर केली. ठोकळा होताच. एक बंद केली, मग दुसरी. तरी तो होता तिथंच. जुनी काढून टाकली, नवी पुन्हा पहिल्यापासून बसवली, आणि फरक शून्य. शेवटी त्यांनी त्या जर्मन गृहस्थांना ई-मेल लिहिलं. इंग्रजी तपासायला माझ्याकडे आणलं. मजकूर असा, की महोदय, आपली इमारत माझ्या धावपट्टीत उभी आहे, कृपया काढून घ्यावी. मी दोन क्रियापदं दुरुस्त केली. सभ्य उत्तर आलं, की अशी कोणतीही इमारत फ्रँकफर्टमध्ये आजवर नव्हती.

वर आता धप्प होत नव्हतं. आमच्या छताच्या गिलाव्याच्या दृष्टीनं ही आनंदाची गोष्ट होती. पण वहिनी जिन्यात भेटल्या की नुसत्या हसत, आणि लाडवांच्या डिंकाचं पुढं काही ऐकू येईना. बायको म्हणाली, जाऊन बघा तरी. मी म्हटलं, मी काय बघणार, मला विमानातलं काय कळतं. ती म्हणाली, तुम्हाला दुसऱ्यांच्या चुका कळतात.

वर गेलो. दाढी वाढलेले इंगोले पट्ट्याविना बसले होते, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. "सर, तुम्ही शुद्धलेखन तपासता ना," ते म्हणाले. "हे एकदा तपासा." त्यांनी विमान उतरवून दाखवलं. ठोकळा आला, पडदा काळा झाला. एवढ्यात काय दिसणार? मी म्हटलं, विमानातून नको, बाहेर जाऊन सावकाश दाखवा. यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. तशी सोय होती म्हणे, पण ते ती वापरत नसत. खरा पायलट खाली उतरून रस्ता बघून येत नाही. मी म्हटलं, मी खरा पायलट नाही. त्यांनी नाइलाजानं कुठलंसं बटण दाबलं.

ठोकळा सावकाश फिरू लागला. तीन मजले. पुढल्या बाजूला बाल्कन्या, त्यातल्या एकीला हिरवं प्लास्टिक. गच्चीवर काळी टाकी, एका अंगाला कललेली. बाजूला नारळ. फ्रँकफर्टला नारळ होत नाही, एवढा भूगोल मराठीच्या मास्तरालाही येतो.

"अहो इंगोले," मी म्हटलं, "ही आपली सोसायटी आहे."

गेला आठवडाभर माझ्या सोसायटीवर विमानं आदळत होती आणि सेक्रेटरीला त्याची साधी सूचना नव्हती.

इंगोल्यांनी खुर्ची पुढं ओढून पडद्याला नाक लावलं. मग म्हणाले, "हो ना. ती मीच ठेवली."

हळूहळू एकेक बाहेर आलं. सुरुवातीला वहिनींनी त्यांना विचारलं होतं, की शिकागोला वर्षा आहे, मुंबईला पोचवायला माणसं आहेत, पण त्या मधल्या गावात आपलं कोण आहे. फ्रँकफर्टला इंगोल्यांचं कोण असणार? म्हणून यांनी लाल दिव्याच्या वेळी टेपनं मोजून ठेवलेली आमची इमारत कॉम्प्युटरवर काढली आणि फ्रँकफर्टच्या धावपट्टीशेजारी गवतात नेऊन ठेवली. वहिनींना उतरताना घरचं काहीतरी दिसावं. जुन्या सीनरीत ती बरोबर गवतात होती. मग त्या विद्यार्थ्याची नवी सीनरी आली. तिनं यंत्रातली मूळ धावपट्टीच जराशी सरकवली, ती सीनरी बंद केली तरी पट्टी मागं गेली नाही, आमच्या पायाखालीच राहिली.

पण सगळ्या सीनऱ्या बंद करून पाहिल्या होत्या ना, असं मी विचारलं. सगळ्या केल्या, ते म्हणाले. मग ही?

"ही 'घर' नावानं आहे सर. सगळ्यात वर. ती नाही केली बंद."

"का नाही केली?"

इंगोल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू या वेळी व्याकरण माझं चुकलं होतं. "घर कोणी बंद करते काय?"

रोज बघतो तेच दिसत नाही, स्टोअरमध्येही असंच होते, असं काहीतरी ते पुटपुटले. मी त्यांना म्हटलं, आता ती इमारत काढून टाका आणि वहिनींना बोलवा. ते हं म्हणाले, पण काढली नाही. उचलून टर्मिनलच्या मागं नेली, तिथं नारळ कशात घुसत नाही ना ते पाहिलं, आणि मग हाक मारली. वहिनी पट्टा लावून बसल्या. विमान अलगद टेकलं. टर्मिनलच्या वरून काळी टाकी डोकावत होती.

"टाकी वाकडीच ठेवली तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"हुबेहूब आहे."

वहिनींनी पट्टा सोडला. "बरं. जातो मी," असं म्हणून त्या डिंक तळायला गेल्या. वऱ्हाडात बायका 'जातो' म्हणतात.  सगळीकडेच काय दुरुस्त्या करायच्या.

निघायच्या दिवशी सोसायटीनं इंगोल्यांना नावं ठेवली, आणि त्यात मीही होतो. बायको पहिल्यांदा परदेशी निघाली आणि हा गृहस्थ तिला पोचवायला मुंबईपर्यंत जाईना. त्यांचा एक भाचा गाडी घेऊन आला, तोच नेणार. विचारलं तर इंगोले म्हणाले, "मुंबईला दारातूनच परत पाठवतात सर. इथून शेवटपर्यंत सोबत जाता येते." असल्या माणसाशी काय बोलायचं? ते बॅगा घेऊन खाली गेले. घराची जास्तीची किल्ली द्यायला वहिनी आमच्या दारात थांबल्या.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, भीती गेली ना आता.

"मले कायचं भेव, सर?" त्या म्हणाल्या. "दोन-चार दिवस वाटलं. त्याईनं सारे आवाज शिकवले, तं गेलं. पण सांगतलं नाई मी."

"का बरं?"

"सांगतलं असतं, तं थे काय करत बसले असते? मी जाणार, मी जाणार, हेच घोकत बसले असते." त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "भेव त्याईले हाय. घर रिकामं राहाचं. जरा पाहत जा."

खालून इंगोल्यांनी हाक मारली, उशीर होऊन राहिला म्हणून. वहिनी हसत जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून एकसारखी बारीक घरघर येत होती. ती आदल्या रात्रीपासून चालू होती, बंद झालीच नव्हती. आज मधले तास गाळलेले नव्हते. बायकोनं पोह्यांची ताटली झाकून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, त्याला बेल ऐकू येणार नाही आणि आली तरी तो उठणार नाही. ती म्हणाली, किल्ली आहे ना.

किल्ली लागली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आत इंगोले पट्टा लावून बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पँट, पायात बूट. या घरात त्यांना पँटमध्ये मी पहिल्यांदा पाहत होतो. शेजारची प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावरून पट्टा नीट आवळून लावलेला होता. मी तिच्याकडे वळलो तसे ते न बघता म्हणाले, "तिथं नका बसू सर." मी ताटली हातात घेऊन उभा राहिलो. रात्रभर जागणाऱ्या, रिकाम्या खुर्चीला पट्टा लावणाऱ्या माणसासमोर पोहे घेऊन उभं राहणं माझ्या पेन्शनीत कुठं बसत नव्हतं, पण उभा राहिलो.

"चाकं बाहेर आले," इंगोले म्हणाले. ते मला सांगत नव्हते. "हा आवाज चांगला."

ढग बाजूला झाले. धावपट्टी मोकळी होती. टर्मिनलच्या मागं आमची टाकी दिसली, वाकडी. धप्प झालं. या वेळी ते माझ्या डोक्यावर नव्हे, पायाखाली झालं, आणि फार मोठं वाटलं नाही. इंगोल्यांनी विमान सावकाश टर्मिनलपाशी नेलं, इंजिनं बंद केली. घरघर थांबल्यावर घर एकदम केवढं तरी वाटायला लागलं. त्यांनी पट्टा सोडला नाही. ते फोनकडे बघत बसले, आणि मीही.

फोन वाजला तेव्हा पट्ट्यामुळे त्यांचा हात पोचेना. मी उचलून त्यांच्या कानाला लावला. वहिनींचा आवाज मुळात मोठा, त्यात परदेशातून बोलायचं म्हणून आणखी वर गेलेला. मला सगळं ऐकू येत होतं.

"उतरलो मी. सारे आवाज तसेच होते. इथं डोंबिवलीच्या एक बाई भेटल्या, त्याही बाळंतपणालेच चालल्या. त्याईच्या फोनच्या कार्डावरून बोलतो." मग त्या म्हणाल्या, "अन् पाह्यलं मी. त्या इमारतीच्या मांगं. आपली बिल्डिंग नाई दिसली."

इंगोले हसायला गेले. ते जमलं नाही.

"तुम्ही जेवले काय? काय करून राहिले?"

"मी?" इंगोल्यांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. "मी उतरून राहिलो."

कार्ड संपलं असावं. मी फोन जागेवर ठेवला. पुण्याच्या व्याकरणाप्रमाणे वाक्य अगदी बिनचूक होतं.

काही वेळानं त्यांनी हात लांब करून शेजारच्या खुर्चीचा पट्टा सोडला. "बसा सर. विमान मुंबईला परत न्यायचं आहे. रिकामं. एकट्याला लांब पडते."

इतकी हास्यास्पद गोष्ट मी आयुष्यात कधी केली नव्हती. पोहे तसेही गार झाले होते. मी बसलो आणि पट्टा लावला.